सांभाळून घेणारा

गाणाऱ्याची चूक लोकांना कळू नये म्हणून त्याच्या शेजारी एक माणूस बसलेला असतो. त्याच्यापुढे पेटी असते. गाणारा ओळ विसरला, की हा मधली जागा भरून काढतो. गाणारा घाईला आला, की हाही त्याच्याबरोबर पळतो. टाळ्या गाणाऱ्याला मिळतात, आणि त्या मिळाव्यात म्हणूनच तर याला बोलावलेलं असतं. आपल्या गोष्टीतला माणूस हे काम इतकं बेमालूम करायचा, की गाणारे त्याला प्रेमाने टेकू म्हणत. टेकूला कुणी रंग देत नाही, पण तो काढला की काय होतं ते घरमालकाला विचारावं.

दिवसा टेकू चष्म्याच्या दुकानात काम करायचा. पुढे मालक गिऱ्हाइकांना फ्रेमी दाखवायचा आणि मागच्या खोलीत हा काच फिरत्या चाकावर धरून तिच्या कडा घासायचा. संध्याकाळी हात धुऊन, नखांतली पांढरी भुकटी काढून तो एका गाणाऱ्या बाईंच्या साथीला जायचा. बाईंचं नाव मोठं होतं आणि विसराळूपणा त्याहून मोठा. एकदा भर कार्यक्रमात त्यांनी दुसरं कडवं गाळून थेट तिसरं धरलं. तबलेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. टेकूने पापणीही न हलवता तिसऱ्या कडव्याचे सूर वाजवले आणि डोळ्यांनीच तबलेवाल्याला ओढून घेतलं. कार्यक्रम संपल्यावर बाई म्हणाल्या, "आज गळा छान लागला होता, नाही?" टेकू म्हणाला, "फारच छान." ते कडवं गळालं होतं हे बाईंना आजतागायत ठाऊक नाही.

त्याची बायको दवाखान्यातल्या चौकशीच्या खिडकीत बसायची. दिवसभर लोकांना कोणतं दार कुठे आहे ते सांगून सांगून तिला आडवळणाचं बोलणं जमेनासं झालं होतं. ती एकदा म्हणाली, "इतकी वर्षं वाजवताय, पण तुम्हाला कुणी ऐकलंय का कधी?"

"मी ऐकू आलो, तर समजायचं मी चुकलो," टेकू म्हणाला. हे वाक्य त्याचं आवडतं होतं. ते बोलताना त्याची मान जरा ताठ व्हायची.

मग बाईंनी गाणं थांबवलं आणि त्या मुलाकडे दूरच्या गावी राहायला गेल्या. टेकूच्या संध्याकाळी एकदम मोकळ्या झाल्या. त्याने दोन-चार ठिकाणी विचारून पाहिलं, पण हल्ली सगळ्यांकडे तयार साथ होती, मोबाइलमध्ये भरलेली. पेटीवर चादर गेली. चादरीवर बायको इस्त्रीचे कपडे ठेवू लागली. टेकू जेवायला बसला तरी त्याचा डावा हात गुडघ्यापाशी मागेपुढे व्हायचा, भाता हलवल्यासारखा. बायकोला ते दिसायचं. तोंडाने मात्र ती एवढंच म्हणायची, "हात स्थिर ठेवा, आमटी सांडेल."

अशात एके दिवशी दुकानात क्लचताई आली. ही बाई मोटार चालवायला शिकवायची. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून "क्लच! क्लच दाबा!" असं ओरडायची, म्हणून तिच्या विद्यार्थ्यांनी तिला हे नाव ठेवलं होतं. नाव तिला माहीत होतं आणि आवडतही होतं. चष्म्याची काडी सैल झाली होती. मालक जेवायला गेलेला, म्हणून ती सरळ मागच्या खोलीत डोकावली. टेकू काच घासत गुणगुणत होता. ती दारातच उभी राहिली.

"अहो चष्मेवाले, तुम्ही गाणं शिकवता का?"

"छे. मी साथ करतो."

"मग मी गाते, तुम्ही साथ करा. झालं."

टेकूला हसू आलं. पण काडी घट्ट होईपर्यंत तिने जे सांगितलं, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. शाळेत असताना समूहगीतात तिला घेतलं होतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी गाण्याच्या शिक्षिकेने तिला बाजूला घेऊन सांगितलं, "तू नुसते ओठ हलव हं." तिने ओठ हलवले. तिची आई समोर बसून कौतुकाने बघत होती. तेव्हापासून ती चारचौघांत गायली नव्हती. शेवटचा विद्यार्थी उतरून गेला, की गाडीच्या काचा वर करून घरापर्यंत गायची, बस तेवढंच.

"मला एकदाच, लोकांसमोर, खरंखुरं गायचंय," ती म्हणाली. "पुढे नाही गायले तरी चालेल."

टेकूने घरी येऊन पेटीवरचे कपडे खाली ठेवले. चादर बायकोनेच ओढून काढली.

क्लचताई आठवड्यातून तीनदा घरी यायला लागली. तिने निवडलेलं गाणं जुनं, सगळ्यांच्या ओठांवरचं. तिची आई कपडे वाळत घालताना म्हणायची ते. आवाज खणखणीत होता, पण सूर अडाणी. दुसऱ्या कडव्यात गाणं वर चढायचं आणि तिथे ती हमखास घसरायची. ती घसरली, की टेकू पट्टी बदलून तिच्याबरोबर खाली उतरायचा. ती पळाली, की हा पळायचा. एखादा सूर तिला सापडला नाही, तर तिच्या आधी तोच वाजवून ठेवायचा. ती त्याला धरून वर यायची आणि तिला वाटायचं, आपणच चढलो.

"जमतंय की हो मला!" ती खूश होऊन म्हणायची.

"उत्तम जमतंय," टेकू म्हणायचा. तो लबाडीने बोलत नव्हता, हे लक्षात घ्या. साथीदाराच्या कानाला चूक ऐकू येते ती झाकण्यापुरतीच. झाकली गेली, की त्याच्या लेखी ती झालीच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि टेकूने जन्मभर लोकांच्या मुठीच तर झाकल्या होत्या.

जवळच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर वर्षातून एकदा हौशी गाणाऱ्यांचा कार्यक्रम व्हायचा. क्लचताईने नाव दिलं. तिने नवी साडी घेतली, विद्यार्थ्यांना बोलावलं, आणि कार्यक्रमाच्या आधी दोन दिवस थंड पाणी बंद केलं. टेकू पेटी घेऊन पोचला, तर वाचनालयाचे चिटणीस दारातच आडवे झाले.

"पेटी नको हो. प्रत्येकासाठी वाद्यं उचला-ठेवा करत बसलो तर रात्र होईल. सगळ्यांना एकच नियम, स्पीकरवर तयार साथ."

"पण ताईंना माझी सवय आहे."

"गाणं तेच, सूर तेच. घाबरताय कशाला?"

टेकूने पेटी भिंतीशी ठेवली. तो बायकोशेजारी तिसऱ्या ओळीत जाऊन बसला.

क्लचताई उभी राहिली. स्पीकर सुरू झाला. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला ती नेहमीसारखी पळाली, पण यंत्र कशाला पळतंय? ती पुढे गेली, साथ मागे राहिली. ती थांबली, तर साथ तिला ओलांडून गेली. दुसऱ्या कडव्यात ती घसरली आणि खाली धरायला काहीच नव्हतं. टेकूची बोटं स्वतःच्या मांडीवर भराभर चालत होती. इथे पट्टी बदलायची. इथे थांबायचं. इथे सूर आधी द्यायचा. तिची एकेक चूक त्याला पाठ होती, कुठे होणार, किती होणार, सगळं. आणि त्याच क्षणी त्याला कळलं, की यातली एकही चूक आपण तिला कधी सांगितलेली नाही.

क्लचताई गप्प झाली. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. तयार साथ आपली वाजतच राहिली, चिटणिसांना ती बंद करायचं बटण सापडेना. क्लचताईचे ओठ नुसतेच हलत होते. ती पायऱ्या उतरून सरळ निघून गेली, चप्पल हातात घेऊन.

घरी येताना टेकू म्हणाला, "यंत्रामुळे झालं. माझी पेटी असती तर..."

"तर काय? झाकलं गेलं असतं," बायको म्हणाली. "अहो, मी स्वयंपाकघरातून दर वेळी ऐकत होते. ती गात नव्हती, तुम्ही गात होता. बोटांनी."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती दिवसांनी पेटी काढली होती. मला म्हणवेना."

दोघं पेटी धरून जिना चढले. पेटी त्या दिवशी दोघांनाही जड लागली.

क्लचताई यायची बंद झाली. फोन उचलेना. टेकूला दुकानात काम सुचेना. एक काच त्याने इतकी घासली, की ती फ्रेममधून गळून पडू लागली. मालकाने त्याच्याकडे बघून नवी काच काढून दिली. शेवटी एका दुपारी टेकू सुटी घेऊन मोटार शिकवतात तिथे गेला. ती गाडीतच होती, शिकवत. त्याला बघून तिचा चेहरा दगडासारखा झाला. "बोलायचं असेल तर मागे बसा. माझा तास चालू आहे," ती म्हणाली.

स्टीअरिंगवर एक नवी नवी शिकणारी बाई होती, घामाघूम. चौकात गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा कल्लोळ सुरू झाला. एक रिक्षावाला डोकं बाहेर काढून नको ते बोलला. शिकणाऱ्या बाईची पाचावर धारण बसली. क्लचताईच्या पायापाशी आणखी एक ब्रेक होता, आणखी एक क्लच होता. हात लांबवला असता तर किल्लीही तिला फिरवता आली असती. ती मांडीवर हात ठेवून बसली होती.

"अहो, चालू करून द्या ना त्यांना," मागून टेकूच कळवळला.

"तुम्ही गप्प बसा." मग शिकणारीला, शांतपणे, "काही घाई नाही. हॉर्न वाजवणाऱ्यांना वाजवू दे, त्यांची बॅटरी जाईल. आधी काय करायचं?"

"क्लच?"

"मला काय विचारताय? करा."

गाडी दोनदा आचके देऊन बंद पडली. तिसऱ्यांदा चालू झाली आणि चौक ओलांडून गेली. शिकणारी बाई रडत होती की हसत होती ते तिलाच कळत नव्हतं. तिला घरापाशी उतरवल्यावर क्लचताई मागे वळली.

"पाय ब्रेकवरच होता माझा. ट्रक आला असता तर दाबला असता. पण नुसती गाडी बंद पडली म्हणून मी हात घातला, तर ती मजेत घरी जाईल आणि आयुष्यभर माझ्याशिवाय चौक ओलांडणार नाही. आता बोला, काय बोलायचं होतं?"

टेकू वाटभर माफीची वाक्यं जुळवत आला होता. त्यातलं एकही आठवेना.

"माझं चुकलं," तो म्हणाला.

"शाळेतल्या त्या बाईंनी निदान तोंडावर सांगितलं होतं. तुम्ही मला फसवलंत. तोंडाने नाही, बोटांनी. वर लोकांपुढे उभं केलंत."

"हो."

"हो काय हो! आता काय पुन्हा शिकवणार?"

"मला शिकवता येत नाही," टेकू म्हणाला. "मला फक्त सांभाळून घेता येतं. पण तुम्ही कुठे घसरता ते मला ठाऊक आहे. का घसरता ते शोधून बघावं असं वाटतंय. तुमच्यावरच शिकावं लागेल. त्रास होईल, तुम्हालाही आणि मलाही."

ती पुन्हा समोर वळली. मग चष्मा काढून साडीच्या पदराने पुसला. "हॉल तोच हवा. आणि तेच गाणं," ती म्हणाली.

पुढचे महिने बायकोने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. ऐकवत नव्हतं, खरंच. पेटी जवळजवळ गप्पच असायची. टेकू सुरुवातीला एक सूर द्यायचा आणि मग स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचा, कारण मोकळे ठेवले तर ते आपोआप पट्ट्यांकडे जायचे. क्लचताई गायची. घसरायची. तो म्हणायचा, "चुकलं." हा एवढासा शब्द, पण पहिल्यांदा म्हणताना त्याच्या कपाळावर घाम आला होता. ती चिडायची. "चुकलं ते कळलं, पुढे काय?" पुढे काय ते त्यालाही ठाऊक नसायचं. बोटांना जे येत होतं त्याला तोंडात शब्दच नव्हते. दुकानात काच घासताना तो ते शब्द शोधायचा. एकदा त्याला वाटलं, तिचा श्वास कमी पडतो. ते नव्हतं. मग वाटलं, सूर तिला ऐकूच येत नाही. तेही नव्हतं, कारण तोच सूर ती खाली बसून, सहज, गाण्याबाहेर नुसता म्हणून दाखवायची तेव्हा नेमका लागायचा.

एक दिवस त्याने पेटीकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघितलं. वरच्या सुराच्या आधी ती खांदे आवळून मान जराशी खाली घालत होती. पाठीमागून कुणी रागावणार आहे असं वाटल्यासारखी.

"ताई," तो म्हणाला, "त्या सुराच्या आधी तुम्ही कुणाची परवानगी मागता?"

ती एकदम खुर्चीत बसली आणि डोळ्यांना पदर लावला. टेकू घाबरला. पण ती रडून झाल्यावर उठली, मान वर करून उभी राहिली आणि पुन्हा गायली. सूर लागला नाही. पण या वेळी तो वेगळ्या ठिकाणी चुकला, आणि टेकूला इतका आनंद झाला, की तो हात मांड्यांखालून काढून टाळ्या वाजवत सुटला.

"चुकलं ना पण?" क्लचताई म्हणाली.

"चुकलंच! छान चुकलं!"

त्या संध्याकाळी जेवताना त्याचा डावा हात ताटाशेजारी स्वस्थ पडून होता. बायकोने बघितलं. "मला वाटतं, मला हेच करायचं होतं," टेकू म्हणाला. "ज्या कानांनी आजवर झाकत आलो, त्याच कानांनी हेही ऐकू येतं. इतकी वर्षं कळलं नाही." मग तो लाजला आणि वाढून मागू लागला. बायकोने वाढलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच.

वर्ष फिरलं. मागच्या फजितीमुळे की काय, चिटणीस यंदा स्वतःच म्हणाले, "तुमची पेटी आणा बुवा." तीच खोली, त्याच खुर्च्या. मागच्या वेळी हसलेला माणूसही बहुतेक आला असणार, असे लोक कार्यक्रम चुकवत नाहीत.

क्लचताईने सुरुवात केली. टेकू तिच्या मागे मागे, अगदी पातळ वाजवत होता. पहिलं कडवं तिने सावरून, पण स्वतःच्या चालीने म्हटलं. दुसरं कडवं आलं. गाणं वर चढायला लागलं. तीही चढली, आणि सूर येण्याच्या आधीच्या पायरीवर थबकली. आवाज बंद झाला. खांदे वर येऊ लागले.

तो सूर टेकूच्या मधल्या बोटाखाली होता. नुसतं बोट टेकवायचं, की तिला धरायला मिळालं असतं. ती वर आली असती, टाळ्या झाल्या असत्या, कुणाला काही कळलं नसतं. जन्मभराची सवय त्या बोटाला खाली ओढत होती. टेकूने उजवा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. डावा हात भात्यावरच थांबला. पेटीतला उरलासुरला सूर विरला आणि खोली पूर्ण शांत झाली.

लोक चुळबुळले. चिटणिसांनी मान उंचावून पेटीकडे बघितलं. क्लचताईनेही बघितलं. टेकूने नजर वळवली नाही. तो तिच्याकडे बघत होता आणि मदत करत नव्हता.

क्लचताईने खांदे खाली सोडले. मान वर केली. श्वास घेतला आणि तो सूर लावला. गोल, गुळगुळीत वगैरे नव्हता. कडेला जरा खरखरीत होता, न घासलेल्या काचेसारखा. पण तो नेमका होता, आणि तिच्या स्वतःच्या गळ्यातून आला होता. ती त्या सुरावर उभी राहिली आणि उरलेलं कडवं तिने कुणालाही न विचारता म्हटलं. टेकूने हात पुन्हा पट्ट्यांवर ठेवला तेव्हा त्याला पट्ट्या नीट दिसत नव्हत्या. टाळ्या झाल्या. तिचे विद्यार्थी मागून ओरडले, "क्लचताई, वन्स मोअर!"

परतताना पेटीची एक कडी टेकूने धरली होती, दुसरी बायकोने. वाटेत ती म्हणाली, "खाली चिटणीस काय म्हणत होते, ऐकलंत?"

"काय?"

"म्हणे, पेटीवाला मध्येच अडखळला. वय झालं, बोटं विसरतात. पण बाई हुशार हो, म्हणे, तिने सांभाळून घेतलं."

टेकू रस्त्यात थांबला. पेटी थांबली, म्हणून बायकोलाही थांबावं लागलं. तिला वाटलं, लागलं मनाला. ज्याची चूक आजवर कुणी ऐकली नव्हती, त्याला असं ऐकावं लागणं बरं नाही. ती समजूत घालायला तोंड उघडणार, तर तो हसत होता, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"काय म्हणाले? पुन्हा सांग."

"तिने सांभाळून घेतलं."

जिन्याच्या पहिल्या पायरीशी त्याने तिला ते आणखी एकदा सांगायला लावलं.